बधिरक आणि वेदनाशामक: या चुका टाळा

‘ॲनेस्थेटिक’ म्हणजे दुखणं थांबवणारी गोळी नव्हे. ग्रीकमध्ये ‘ऐस्थेसिस’ म्हणजे संवेदना आणि ‘ॲल्गोस’ म्हणजे वेदना. संवेदनाच घालवतं ते ॲनेस्थेटिक, फक्त वेदना कमी करतं ते ॲनाल्जेसिक. पॅरासिटामॉलने डोकं दुखायचं थांबतं, पण कपाळावरचा हात कळतोच. लिग्नोकेन हे जागेपुरती भूल देणारं औषध मज्जातंतूतल्या सोडियमच्या वाटा अडवतं, त्यामुळे तिथून संदेशच निघत नाही. आपल्याकडे ‘भूल’ हा एकच शब्द सगळ्याला चालतो. म्हणून रुग्ण ‘मागे भूल दिली होती’ म्हणाला, की पूर्ण की जागेपुरती, हे विचाराच.

सगळ्यात घातक चूक टक्क्यांची, म्हणजे द्रावणात औषध किती आहे त्याची. ‘दोनच टक्के तर आहे’ म्हणणाऱ्या नवशिक्यांनी आधी हिशेब करावा. २ टक्के म्हणजे मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅम. टक्क्यांना दहाने गुणायचं, संपलं. ॲड्रेनालिन (रक्तवाहिन्या आकसवणारं औषध) न मिसळलेल्या लिग्नोकेनची नेहमीची कमाल मात्रा किलोमागे ४.५ मिलिग्रॅम. आता १५ किलोचं मूल, गुडघ्याला लांब जखम. त्याला साडेसदुसष्ट मिलिग्रॅम, म्हणजे जेमतेम ३.३ मिलिलिटर चालतं. इथे ५ मिलिलिटरची सिरिंज भरून रिकामी होते, मूल रडतं म्हणून आणखी दोन मिलिलिटर जातं. झाले १४० मिलिग्रॅम, मर्यादेच्या दुप्पट! मग ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात आवाज, पुढे झटके. एवढं लहान मूल पहिल्या तीन खुणा सांगणारही नाही. जखम मोठी असेल तर १ टक्क्याचं वापरा, तेवढ्याच मिलिग्रॅममध्ये दुप्पट जागा भिजते. सिरिंज भरण्याआधी वजन आणि मिलिग्रॅम कागदावर लिहा. दर वेळी दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना, ते बघा.

पू झालेल्या जागी औषध नीट लागत नाही. तिथली आम्लता वाढलेली असते, औषधाचे रेणू विद्युतभारित होतात आणि मज्जातंतूच्या आवरणातून आत शिरत नाहीत. तिथेच ओतत राहू नका, सुई दूरच्या निरोगी भागात, मज्जातंतूच्या वाटेवर द्या.

टोचल्याबरोबर ब्लेड उचलू नका. पाच मिनिटं थांबल्याने कुणाचं काही अडत नाही.

दाब आणि ओढ कळणारच, हे रुग्णाला आधी सांगा.

त्वचा बधिर करणारं लिग्नोकेन-प्रिलोकेनचं मलम झाकून तासभर ठेवायचं असतं, दहा मिनिटांत पुसायचं नसतं.

दोन वर्षांखालच्या बाळाच्या हिरड्यांना बेंझोकेन हे बधिरक मुळीच लावू नका. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटू शकते.