सायलेन्सर बदलला? जेटला हात लावण्याआधी हे वाचा

"भो, गाडी फटाके फोडस. जेट मोठा करी दे."

धुळ्यात गॅरेज चालवतो. नवा सायलेन्सर लावलेली गाडी दारात आली की बहुतेक वेळा हेच ऐकायला मिळतं. जेट म्हणजे कार्ब्युरेटरमधला, हवा आणि पेट्रोल मिसळतं त्या भागातला, पेट्रोल मापून सोडणारा बारीक भोकाचा तुकडा. गाडी तपासायच्या आधीच पोराने औषध ठरवलेलं असतं.

गेल्या उन्हाळ्यात साक्रीकडचा एक पोरगा जुनी कार्ब्युरेटरची बुलेट घेऊन आला. शॉर्ट बॉटल सायलेन्सर घरीच लावलेला. ॲक्सिलरेटर सोडला की फट्-फट्. कुणीतरी सांगितलं, मिक्श्चर लीन झालंय, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. त्याने मेन जेट वाढवला. आवाज तसाच, म्हणून अजून एक नंबर वाढवला. माझ्याकडे आला तेव्हा प्लग काजळीने काळाकुट्ट होता, पिकअप मेलेला होता, अ‍ॅव्हरेज निम्म्यावर आलं होतं आणि ऑइलला पेट्रोलचा वास येत होता. फटाके मात्र चालूच.

मी खाली बसून बेंड पाइप, म्हणजे इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारा वाकडा पाइप, पाहिला. हेडजवळच्या जोडावर बोटभर काळी रेघ होती. इंजिन गार होतं, तेव्हाच जोडावर साबणाचं पाणी सोडलं, गाडी चालू केली आणि सायलेन्सरच्या तोंडावर क्षणभर जाड फडकं दाबलं. जोडातून बुडबुडे आले. जोड हवाबंद करणारी गॅसकेट जुनी, दाबून चपटी झालेली, तीच त्याने परत बसवली होती. ॲक्सिलरेटर सोडल्यावर त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, न जळलेलं पेट्रोल पाइपातच पेट घेतं आणि फटाका वाजतो. मेन जेटचं काम पाऊण थ्रॉटलच्या, म्हणजे मूठ पाऊण पिळल्याच्या, पुढे सुरू होतं. थ्रॉटल बंद असताना होणारा आवाज तो कसा थांबवणार? नवी गॅसकेट टाकली, दोन्ही नट आळीपाळीने आवळले, मूळ जेट परत बसवला. नव्वद टक्के आवाज तिथेच गेला. उरलेल्यासाठी पायलटचा, म्हणजे आयडलचं मिक्श्चर ठरवणारा, स्क्रू थोडा फिरवला. सायलेन्सर बेंड पाइपासकट उतरवला की गॅसकेट नवीच, यात माझ्याकडे सवलत नाही.

स्क्रूबाबतही लोक सर्रास फसतात. जुन्या बुलेटच्या कार्ब्युरेटरला फिल्टरच्या बाजूचा स्क्रू हवेचा असतो, तो बाहेर काढला की मिक्श्चर लीन होतं. इंजिनच्या बाजूचा स्क्रू असेल तर बाहेर काढल्यावर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. आधी आपला कुठला आहे ते बघा. थ्रॉटलबरोबर वर-खाली होणाऱ्या कार्ब्युरेटरच्या सुईचंही असंच: क्लिप खाली सरकवली की सुई वर येते आणि मिक्श्चर रिच होतं.

जेट तारेने कोरू नका. भोक मोठं झालं की त्यावरचा नंबर खोटा ठरतो.

फिल्टर, सायलेन्सर आणि जेट एकाच दिवशी बदलू नका. बिघाड कशाने झाला ते मलाही सांगता येत नाही.

आता खान्देशातली खास चूक. मे महिन्यात, 44-45 अंशांत, भर दुपारी गाडी जुळवून घेतात आणि वर्षभर तशीच पळवतात. तापलेली हवा विरळ असते, त्यामुळे उन्हाळ्यात कार्ब्युरेटरची गाडी आपोआप थोडी रिच चालते. डिसेंबरात धुळ्याची पहाट 8 अंशांवर आली की तीच हवा साधारण 13 टक्के दाट होते आणि मेमध्ये बरोबर वाटलेलं मिक्श्चर लीन पडतं. अशा गाडीवर डबल सीट, सामानासकट पहाटे कन्नड घाट चढायला घेतला की पिस्टन तापतो आणि सिलिंडर धरतो, म्हणजे आतच अडकतो. असे ओरखडे पडलेले पिस्टन मी हातात घेतलेत, आणि ती गाडी घाटात बंद पडली तेव्हा मागे कोण बसलं होतं हेही मला माहीत आहे. म्हणून उन्हाळ्यात काम केलं तर मी मिक्श्चर किंचित रिचकडेच ठेवतो आणि दिवाळीनंतर गाडी पुन्हा बोलावतो. तोरणमाळला हजार मीटरच्या वर, विरळ हवेत, गाडी जड वाटली तर तिथे स्क्रू फिरवू नका, खाली उतरल्यावर ती जागेवर येते.

2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांना बहुतेक कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शनच असतं. तिथे नव्या पाइपाला ऑक्सिजन सेन्सरची जागा आहे का ते विकत घेतानाच बघा. सेन्सर बाहेर लोंबकळत ठेवला तर त्याला नुसती हवा दिसते, ईसीयूला, म्हणजे इंजेक्शन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, मिक्श्चर लीन वाटतं आणि ते पेट्रोल ओतत राहतं.

बॅफल, म्हणजे सायलेन्सरमधला आवाज दाबणारा भाग, काढून आणलेली गाडी मी ट्यून करत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली दंड आहेच, शिवाय गल्लीत तान्ही बाळं आणि आजारी माणसं झोपलेली असतात.

जेट बदलायचाच असेल तर एका वेळी एक नंबर, 100 चा 105. मग मोकळ्या रस्त्यावर फुल थ्रॉटलवर थोडं पळवा, क्लच दाबून तिथेच इंजिन बंद करा आणि बाजूला घेऊन प्लग काढा. चिनी मातीचा भाग विटकरी-तपकिरी असेल तर पाना खाली ठेवा. पांढराफटक असेल तर पुढचा जेट घ्या. गाडी हळूहळू चालवत गॅरेजवर आणून मग प्लग दाखवू नका, आयडलवर चाललेल्या इंजिनाचा प्लग फुल थ्रॉटलबद्दल काहीच सांगत नाही.