जुन्या गाडीतला तेलाचा लाल दिवा: या चुका टाळा

माझी मारुती ८०० आहे १९९८ची, कार्ब्युरेटरवाली. एका डिसेंबरात तिला नवीनच खोड लागली. पुण्यात स्वारगेटच्या सिग्नलला थांबलं की डॅशबोर्डवरचा तेलाच्या झारीचा लाल दिवा मिणमिणायचा आणि निघालं की गप्प. तेल मोजायची काडी काढून पाहिली तर तेल भरपूर, वरच्या खुणेच्याही थोडं वरच. म्हटलं, मग दिवाच खोटा असणार. तिथून पुढचे चार-पाच महिने जेवढ्या चुका करता येतील तेवढ्या केल्या.

तेल आहे ना, मग झालं!

हा दिवा तेल किती आहे ते सांगतच नाही. तो दाबाचा दिवा आहे. तेलाच्या पंपानं चेंबरमधून, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीतून, तेल उचललं, फिल्टरमधून ढकललं आणि क्रँकच्या (इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या) बेरिंगपर्यंत पोचवलं, की तिथे तेलाचा अगदी पातळ पदर तयार होतो. त्या पदरावर क्रँक फिरतो, धातू धातूला लागत नाही. काडीवर तेल दिसतंय आणि तरी दिवा पेटलाय, तर जास्त काळजी करा: तेल घरात आहे, पण ताटात पोचत नाहीये.

दुसरं असं की बहुतेक जुन्या गाड्यांत दाब साधारण ०.३ ते ०.५ बारच्या (बार हे दाबाचं एकक) खाली गेला तरच हा दिवा लागतो. पळत्या इंजिनाला याच्या कितीतरी पट दाब लागतो. त्यामुळे साठच्या वेगात दिवा लागला तर दाब ‘जरा कमी’ झालेला नसतो, जवळजवळ संपलेला असतो.

आणि म्हणून काडी न बघताच लिटरभर तेल ओतायचं, ही याचीच जुळी चूक. तेल फार झालं तर क्रँक त्यात आपटून फेस करतो, आणि फेसातल्या हवेला दाब धरता येत नाही.

‘हळूहळू गॅरेजपर्यंत नेतो’

सगळ्यात महाग पडते ती ही. खंबाटकी घाटाच्या वळणावर दिवा क्षणभर लागून विझला, तर बहुधा तेल कमी आहे. वळणात ते एका कडेला सरकतं आणि पंपाची गाळणी हवा ओढते. सपाट जागी थांबा, पाच-दहा मिनिटं तेल खाली उतरू द्या, काडी पुसून पुन्हा बुडवून बघा, कमी असेल तेवढंच भरा. पण दिवा लागून राहिला, तर गाडी कडेला घेऊन लगेच इंजिन बंद. खालून ठक-ठक आवाज येत असेल तर ‘परत एकदा लावून बघू’ हेही नको. टोइंगचे पैसे द्यायला जिवावर येतं, मान्य आहे. इंजिन उघडून दुरुस्त करायचे पैसे त्याहून खूप जास्त होतात.

आधी स्विचच बदलून टाकू

दाब कमी झाला की हा दिवा लावणारा ऑइल स्विच स्वस्त असतो, नाना पेठेत सहज मिळतो, त्यामुळे पहिला बळी त्याचाच जातो. कधीकधी दोषी तोच असतोही, विशेषतः त्याच्या पिनेपाशी तेल झिरपलेलं दिसलं तर. पण नवा आणण्याआधी दोन मिनिटांची तपासणी करा. चावी ऑन, इंजिन बंद, दिवा लागलेला. आता स्विचवरची एकुलती एक वायर काढा. दिवा विझला तर वायरिंग ठीक आहे. नाही विझला, तर वायर कुठेतरी सोलवटून बॉडीला लागली आहे, इंजिनाचा काही दोष नाही.

वायरिंग ठीक निघालं, तर स्विच काढून त्याच्या जागी दाबाचं मीटर लावायला सांगा आणि इंजिन चांगलं तापल्यावर आकडा बघा. दर हजार आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांना) साधारण १० पीएसआय, म्हणजे सुमारे ०.७ बार, हा मेकॅनिक मंडळींचा जुना ठोकताळा. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात असतो. मीटरवर दाब बरोबर आला, की मग खुशाल स्विच बदला. मीटर न लावता ‘स्विचच गेलाय’ म्हणणारा माणूस अंदाज सांगतोय, निदान नाही.

जाड तेलाचा उतारा

माझ्या गाडीला एका गॅरेजनं हेच औषध दिलं. २०डब्ल्यू-४० ग्रेडचं तेल काढून त्याहून जाड २०डब्ल्यू-५० भरलं. दिवा विझला, मी खूश. एप्रिल उजाडला, दुपारच्या उन्हात दिवा परत हजर. बेरिंग किंवा पंप झिजला असेल, तर जाड तेलानं दाब थोडा वर येतो हे खरं. पण झीज तिथेच राहते, फक्त ती सांगणारा दिवा गप्प होतो.

शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी ना मीटर काढलं ना पाना. काडी ओढली, नाकाशी नेली आणि म्हणाले, “शेठ, तुमचं तेल वाढतंय.” मला त्याचं कौतुकच होतं, गाडी तेल खात नाही म्हणून! काडीला पेट्रोलचा वास येत होता. या गाड्यांचा पेट्रोल पंप इंजिनाला बाहेरून जोडलेला असतो. त्याचा पडदा फाटला की पेट्रोल थेट चेंबरमध्ये उतरतं. तेल पातळ होतं आणि पातळी चढते. पेट्रोल पंप, तेल आणि फिल्टर बदलल्यावर दिवा पुन्हा दिसला नाही. तेल न भरता पातळी वाढत असेल तर वास घ्या, रंग बघा. दूध घातलेल्या चहासारखा रंग आला असेल, तर बहुधा हेड गॅस्केटमधून (इंजिनाच्या वरच्या भागाखालच्या पातळ पत्र्यासारख्या सीलमधून) पाणी शिरतंय.

चेंबरला भरपूर सिलिकॉन

गळती थांबावी म्हणून चेंबरच्या कडेला सिलिकॉनचा जाड थर थापतात. बाहेर आलेला सुबक दिसतो, आत आलेला मात्र सुटून गाळणीत अडकतो. चेंबर उघडल्यानंतर काही दिवसांतच दिवा लागू लागला, तर मी आधी गाळणीच बघेन. रात्रभर उभ्या गाडीचा दिवा सकाळी चार-पाच सेकंद रेंगाळत असेल, तर फिल्टरवर संशय घ्या: स्वस्त फिल्टरचा झडपेचा रबर तेल अडवून ठेवत नाही.

कधीच न लागणारा दिवा

जुनी गाडी विकत घेताना हे नक्की बघा. चावी ऑन केल्यावर लाल दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. लागतच नसेल तर बल्ब गेलाय, वायर तुटलीय, किंवा कुणीतरी मुद्दाम काढून ठेवलीय. त्याहून हुशार विक्रेते तेलाच्या दिव्याची वायर बॅटरी चार्जिंगच्या दिव्याला जोडतात. दोन्ही दिवे बरोबर लागतात, बरोबर विझतात, बघणाऱ्याला शंकाही येत नाही. चावी ऑन, इंजिन बंद ठेवून बॉनेट उघडा आणि स्विचवरची वायर काढा: दिवा विझायला हवा. तिचं टोक इंजिनाच्या धातूला टेकवा: दिवा लागायला हवा. यातलं एक जरी झालं नाही, तर भाव करत बसू नका.