मुंबई सिटी या आपल्या फुटबॉल क्लबची होम मॅच निर्णायक असेल तर तयारी कशी करायची

सगळ्यात आधी पॉइंट्स टेबल नीट बघा, आणि नुसता गोल डिफरन्स (केलेल्या आणि खाल्लेल्या गोलांमधला फरक) बघून टेन्शन घेऊ नका, कारण आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, पॉइंट्स सारखे झाले तर आधी त्या दोन टीमचा आपसातला रेकॉर्ड बघतात. २०२०-२१ आठवतंय ना, आपण आणि एटीके मोहन बागान दोघेही ४० पॉइंट्सवर, पण आपण त्यांना दोन्ही वेळा हरवलेलं म्हणून शील्ड, म्हणजे टेबलमध्ये पहिल्या येणाऱ्या टीमची ट्रॉफी, आपली! त्यांच्याशीच शेवटची मॅच गोव्यात बांबोळीला, आपल्या फालचा आणि ओगबेचेचा गोल, २-०, पण कोविडमुळे स्टँड रिकामे, त्यामुळे आता घरच्या मैदानावर आवाज कमी पडता कामा नये असं मला मनापासून वाटतं.

तिकीट आधीच ऑनलाइन काढा. गाडी आणूच नका, अंधेरीत स्टेडियमजवळच्या वीरा देसाई रोडला संध्याकाळी इतकं ट्रॅफिक असतं की जीव नको होतो, मेट्रोने आझाद नगरला उतरा आणि तिथून चालत जा. किकऑफच्या तासभर आधी पोचा, गेटवर चेकिंगला वेळ जातो, बाटली वगैरे घरीच ठेवा.

बसायचं कुठे, तर आपल्या फॅन ग्रुपच्या, वेस्ट कोस्ट ब्रिगेडच्या जवळ, ढोल वाजायला लागला की चँट्स आपोआप तोंडात बसतात. आणि प्लीज, आपण गोल खाल्ला की लगेच गप्प होऊ नका, पोरांना खरी गरज तेव्हाच असते, ओरडत राहा, आपला विंगर छांगटे बाजूने बॉल घेऊन सुटला की तर अख्खा स्टँड उभा राहिला पाहिजे!