'नेफेश' दिसला की लगेच 'आत्मा' लिहू नका

हिब्रू बायबलमध्ये 'नेफेश' हा स्त्रीलिंगी शब्द साडेसातशेच्या आसपास वेळा येतो. अर्थ लावताना आधी पाहा, वाक्यात शरीराच्या अवयवाचा अर्थ बसतो का. स्तोत्र ६९ मध्ये पाणी नेफेशपर्यंत चढते. तिथे अर्थ गळा. (हिब्रू क्रमांकाने ती ओवी २, बऱ्याच भाषांतरांत १. संदर्भ शोधताना इथेच घोळ होतो.) यशया या पुस्तकात ५:१४ (अध्याय ५, ओवी १४) मध्ये अधोलोक नेफेश रुंदावतो, म्हणजे घसा.

मग संख्या आहे का पाहा. उत्पत्ती ४६:२७ मधले सत्तर नेफेश म्हणजे सत्तर माणसे. नीतिसूत्रे २३:२ मधला 'नेफेशवाला' हा खादाड. 'माझा नेफेश' हे काव्यात पुष्कळदा नुसते 'मी' असते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे देहात कोंडलेला अमर आत्मा गृहीत धरणे. उत्पत्ती २:७ मध्ये माणसाला नेफेश मिळत नाही, तो स्वतःच 'नेफेश हय्या' (जिवंत प्राणी) होतो. १:२४ मध्ये जनावरांनाही हेच शब्द आहेत. गणना ६:६ मध्ये तर 'नेफेश मेत' म्हणजे चक्क प्रेत!

मराठीत 'जीव' बहुतेक ठिकाणी चपखल बसतो, कारण आपणही 'घरात चार जीव' म्हणतोच. श्वास किंवा वारा या अर्थाचा 'रूआह' मात्र वेगळा ठेवा.