सात पॅक कमी, एकवीस साबण जास्त

फलटणला आमचं किराणा दुकान आहे. पुढे काउंटर, मागे मालाची खोली, वर माळा. एकदा दिवाळीच्या तोंडावर मोजणी केली तर 'तीनवर एक मोफत'वाले साबणाचे सात पॅक कमी भरले. त्या खोलीत माझ्याशिवाय एकच जण जातो, दोन वर्षं आमच्याकडे असलेला पोरगा. मी त्याला विचारलं, आणि ज्या आवाजात विचारलं त्याचं आजही वाईट वाटतं. "काकू, मी नाही घेतले," एवढंच म्हणाला आणि कट्टे रचायला गेला.

रात्री त्याच साबणाचे सुटे नग मोजले. कॉम्प्युटरपेक्षा एकवीस जास्त! सात त्रिक एकवीस. पॅकचं प्लॅस्टिक पारदर्शक, त्यातून सुट्या साबणाचा बारकोड दिसतो. मशीन तोच वाचायचं आणि घाईत मी तीन नग टाकून बिल करायचे. पैसे बरोबर यायचे, साठा चुकायचा. सकाळी सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली.

तेव्हापासूनचा नियम: माल कमी दिसला की माणसाकडे बघायच्या आधी शेजारचा माल मोजा. एक कमी आणि दुसरा जास्त असेल, तर चूक बहुतेक नोंदीची असते. अशा पॅकवरचा आतला बारकोड आता आम्ही माल उतरवतानाच कोऱ्या स्टिकरने झाकतो.

वर्षातून एकदा, 31 मार्चला मोजणारे खूप आहेत. पण तेव्हा सापडलेली तफावत कधीची, हे कुणाला आठवणार? त्यापेक्षा रोज शटर उघडण्याआधी दहा वस्तू मोजा. मोजणाऱ्याला कॉम्प्युटरचा आकडा आधी सांगू नका. सांगितला की हात आपोआप तिथंच थांबतो. वहीत वस्तू, मोजलेले नग, कॉम्प्युटरचे नग आणि कारण असे चार रकाने आखा. कारण सापडेपर्यंत कॉम्प्युटरमधला आकडा बदलायचा नाही. आकडा दुरुस्त केला की चुकीचा मागच पुसला जातो. दहापैकी किती जुळल्या ते पानाच्या खाली लिहा. आमच्या पहिल्या आठवड्यात चार-पाच जुळायच्या, आता आठ-नऊ जुळतात.

सगळ्यात जास्त चुका मात्र माल आत येतानाच शिरतात. टेम्पोवाला घाईत असतो, आपण पेट्या मोजून सही करतो. पेटीत नग किती, स्कीमचा फुकट माल बिलात दाखवलाय का, एमआरपी कोणती, हे तिथंच उभं राहून बघा. 22 सप्टेंबर 2025 ला साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला, तेव्हा एकाच वस्तूच्या दोन किमती दुकानात नांदत होत्या. अशा वेळी जुना आणि नवा माल एका फळीवर ठेवू नका. माल खोलीत लावायच्या आधी नोंद झालीच पाहिजे. नाहीतर नोंद करायची राहून जाते आणि माल विकला जातो.

सुट्या मालाचं गणित वेगळं. साखरेच्या 50 किलोच्या कट्ट्यातून किलोच्या 50 पुड्या क्वचितच निघतात. प्रत्येक पुडीत चिमूटभर जास्त जातेच. पावसाळ्यात गुळाला पाणी सुटतं, ढेपेचं वजन बदलतं. कट्टा फोडला की त्याच दिवशी 'इतके किलो फोडले, इतक्या पुड्या झाल्या, इतकी घट' असं लिहा. चार-सहा महिन्यांत आपल्या दुकानाची नेहमीची घट किती ते कळतं, आणि त्यापलीकडे गेलं की काटा तपासायचा.

फुटलेलं, उंदरांनी कुरतडलेलं, मुदत संपलेलं सगळं एका टबात टाका आणि रात्री नोंदून मगच हलवा. घरी नेलेलंही लिहा. स्वयंपाकाला तेलाची पिशवी कमी पडली म्हणून उचललेली मीच पूर्वी लिहीत नव्हते. हा नुसता हिशेबाचा प्रश्न नाही. हरवलेल्या, नष्ट झालेल्या किंवा स्वतः वापरलेल्या मालावर जीएसटीचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीत भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही; घेतलं असेल तर परत करावं लागतं. म्हणून टबाची यादी दर महिन्याला सीएकडे पाठवा.

मोजणीची वही आता तो पोरगाच सांभाळतो. कारणाच्या रकान्यात माझ्या हातून झालेल्या चुकीपुढे तो 'काकू' असं स्पष्ट लिहितो, आणि मी खाली सही करते.