कूर्चेतील कॉनेक्झिन ४३ तपासताना या चुका टाळा

सांध्याच्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, नसाही नसतात. तिच्या पेशी दाट मॅट्रिक्समध्ये, म्हणजे पेशींभोवतीच्या भरणात, एकमेकींपासून दूर रुतून बसलेल्या असतात. तरीही काही कूर्चापेशींचे बारीक, लांब प्रवर्ध मॅट्रिक्समधून परस्परांपर्यंत पोहोचतात आणि कॉनेक्झिन ४३ या प्रथिनाच्या चॅनेलांमधून सुमारे १ किलोडाल्टन (रेणूच्या वजनाचे एकक) पर्यंतच्या लहान रेणूंची देवाणघेवाण होते. ऑस्टिओआर्थ्रायटिसच्या (सांध्यांच्या झिजेच्या आजाराच्या) कूर्चेत हे प्रथिन वाढलेले आढळते. मात्र ‘प्रथिन वाढले म्हणजे पेशींमधला संवाद वाढला’ असा निष्कर्ष घाईने काढला जातो, आणि बहुतेक चुकांचे मूळ त्यातच असते.

पहिली चूक नमुना निवडतानाच होते. गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या सांध्यातील वरवर धडधाकट दिसणारा भाग ‘निरोगी’ म्हणून घेणे सोयीचे असले, तरी त्या भागालाही दाहकारक द्रव्ये मिसळलेला तोच सांध्यातील द्रव लागलेला असतो, आणि कॉनेक्झिन ४३ रोगाच्या सुरुवातीच्या टप्प्यातही वाढलेले असू शकते. साहजिकच दोन गटांतला फरक खोटाच लहान दिसतो. शक्यतो आजार नसलेल्या, जुळत्या वयाच्या दात्याचा आणि त्याच सांध्याचा नमुना घ्यावा. या प्रथिनाचे अर्धायुष्य अवघ्या काही तासांचे असल्याने शस्त्रक्रियेनंतर ऊती किती वेळाने गोठवली, याचीही नोंद ठेवावी.

वेगळ्या केलेल्या पेशी डिशमध्ये सपाट थरात वारंवार वाढवल्या, की त्या कोलॅजन २ (कूर्चेचे खास तंतुप्रथिन) कमी आणि कोलॅजन १ जास्त बनवू लागतात. अशा पेशींतील मोजमाप मूळ कूर्चेवर लादू नये.

वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिने वजनानुसार वेगळी करून प्रतिपिंडाने ओळखण्याच्या चाचणीत) ४३ किलोडाल्टनच्या आसपास एकाहून अधिक पट्टे दिसले, तर प्रतिपिंड बिघडले असे लगेच समजू नये. फॉस्फेट गट जोडलेली रूपे हळू सरकतात. नमुन्याच्या एका भागावर फॉस्फेटेजने (फॉस्फेट गट काढणाऱ्या विकराने) प्रक्रिया करून तो शेजारी चालवला, की वरचे पट्टे खाली येतात. फक्त खालचा पट्टा मोजणे ही चूकच. ऊतीच्या छेदात रंग चढत नसेल, तर आधी हायलुरोनिडेज या विकराने मॅट्रिक्स सैल करून पाहावे.

सर्वाधिक गोंधळ चॅनेलचे काम मोजताना होतो. सहा कॉनेक्झिन मिळून एक अर्धचॅनेल बनते. शेजारच्या पेशीच्या अर्धचॅनेलशी ते जुळले, तरच दोन पेशींमधला मार्ग पूर्ण होतो. न जुळलेले अर्धचॅनेल बाहेरच्या द्रवाकडे उघडते, आणि कॅल्शियम नसलेल्या बफरने पेशी धुतल्या, तर अशी अर्धचॅनेले सहज उघडतात. मग पेशीने द्रवातून शोषलेला ल्युसिफर यलो (देवाणघेवाण पाहण्यासाठी वापरला जाणारा चमकणारा रंग) शेजारणीकडून आल्यासारखा भासतो. म्हणून बफरमधील कॅल्शियम तपासावे आणि रंगासोबत १० किलोडाल्टनचे, म्हणजे चॅनेलमधून जाऊ न शकणारे, डेक्स्ट्रान घालावे: ते ज्या पेशीत शिरले ती फाटलेली, आणि ल्युसिफर यलो त्या पेशीच्या पलीकडे गेला तरच देवाणघेवाण मानावी. चॅनेल बंद करणाऱ्या कार्बेनॉक्सोलोनने रंगाचे वहन थांबले, एवढ्यावरून कॉनेक्झिनचे नाव घेऊ नये, कारण हे औषध पॅनेक्झिन या वेगळ्या प्रथिनाची चॅनेलेही बंद करते.

चॅनेल बंद करूनही पेशीच्या वर्तनात फरक पडला नाही, तरी कॉनेक्झिन ४३ चा संबंध नाकारता येत नाही. त्याची पेशीच्या आतली लांब शेपटी इतर प्रथिनांना धरून चॅनेलविनाही संदेश पुढे नेते. अशा वेळी चॅनेल बंद करणारी औषधे बाजूला ठेवून कॉनेक्झिन ४३ चे जनुकच दाबून पाहावे.