जुनी फोर बाय फोर घेताना: आधी गाडीखाली झोपा, मग आत बसा

माझी पहिली जिप्सी मी रंग बघून घेतली होती. गडद निळा, नुकताच मारलेला, आत नवी सीट कव्हरं. आठ महिन्यांनी घाटात मागच्या कमानपाट्याचा (पट्ट्यांच्या स्प्रिंगचा) हँगर चासीपासून, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यापासून, सुटला आणि गाडी एका बाजूला बसली. खाली वाकून पाहिलं तर काळ्या रंगाच्या थराखाली लोखंडाचा पापुद्रा उरला होता. गाडीने बरीच वर्षं समुद्राकाठी काढली होती आणि ते कुणी मला सांगितलं नव्हतं. खाली पाच मिनिटं झोपलो असतो तर गाडीनेच सांगितलं असतं. तेव्हापासून मित्रांसाठी जुन्या गाड्या बघायला जातो तेव्हा सोबत टॉर्च, जुनी चादर आणि छोटी हातोडी असते.

गाडी कशासाठी हवी, हे आधी ठरवा

शेतावरचा कच्चा रस्ता किंवा गडाच्या पायथ्याच्या गावापर्यंतची वाट, एवढंच असेल तर उंच साधी गाडीही चालते. पावसाळ्यातला चिखल, ओढे, निसरडा चढ हे नेहमीचं असेल तरच चारही चाकांना ताकद देणाऱ्या फोर बाय फोरचा वाढीव खर्च सार्थकी लागतो.

आपल्याकडच्या जुन्या बाजारात मुख्यतः चार नावं भेटतात. मारुती जिप्सी १९८५ मध्ये आली. वजन जेमतेम टनभर, त्यामुळे चिखलात ती इतरांइतकी रुतत नाही. पेट्रोल मात्र भरपूर पिते आणि गंज हा तिचा जुना शत्रू. महिंद्रा थारची पहिली पिढी २०१० ची, डिझेलची. इंजिन दमदार आणि कामाला कणखर. दुसरी पिढी ऑक्टोबर २०२० मध्ये आली, ती रोजच्या वापरालाही सोयीची. फोर्स गुरखाला पुढे-मागे दोन्हीकडे डिफरन्शिअल लॉक (एक चाक हवेत फिरलं तरी दुसऱ्याला ताकद पोचवणारी सोय) मिळतो, म्हणून खडकाळ वाटेला ती भारी. मारुती जिम्नी २०२३ ची असल्याने जुन्या बाजारात अजून तरुण आहे.

थारच्या बाबतीत एक फसगत सर्रास होते. जानेवारी २०२३ पासून ती फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या रूपातही मिळते, आणि पहिल्या पिढीतही काही गाड्या फोर बाय टूच, म्हणजे दोनच चाकांवर चालणाऱ्या, होत्या. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. गिअरच्या दांड्याशेजारी फोर बाय फोरचा दुसरा छोटा दांडा आहे का, हे फोनवरच विचारा आणि त्याचा फोटो मागवा.

शोध कुठे घ्यायचा

ऑनलाइन जाहिराती बघाच, पण खरी गाडी बहुतेक वेळा ओळखीतून मिळते. फोर बाय फोर चालवणाऱ्यांच्या मंडळांत गाडीचा इतिहास लोकांना तोंडपाठ असतो. ती कुठल्या स्पर्धेत उतरली, कुठल्या नदीत अडकली, गिअरबॉक्स कधी उघडला, सगळं कळतं. स्पर्धेत धावलेली गाडी वाईटच असते असं नाही, पण तिला कसं वापरलंय ते माहीत असायला हवं.

दिल्ली परिसरातून आलेल्या स्वस्त डिझेल गाडीचा मोह पडला तर थांबून विचार करा. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवरच्या निर्बंधांमुळे अनेक गाड्या इतर राज्यांत विकल्या गेल्या. मूळ आरटीओची एनओसी, महाराष्ट्रातला रोड टॅक्स, नवा नंबर हे सगळं किमतीत धरलं की स्वस्ताई बरीच ओसरते.

लष्कराने लिलावात काढलेल्या जिप्सीचंही आकर्षण मोठं असतं. लिलावाची मूळ कागदपत्रं आणि चासी-इंजिनचे नंबर जुळत नसतील तर हात लावू नका. आणखी एक, लष्करी हिरवा रंग खासगी गाडीला कायद्याने चालत नाही.

तपासणी: खालून वर

मालकाला आदल्या दिवशीच सांगा की इंजिन थंड हवं. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून खात्री करा आणि सकाळच्या उजेडातच बघा. गाडी खालून नुकतीच धुतलेली किंवा ताजा काळा थर मारलेला असेल तर कारण विचारा.

आता चादर अंथरा. चासीच्या दोन्ही तुळया पुढून मागे नजरेने मापत जा. हातोडीने हलकेच ठोका. सशक्त लोखंड टणक वाजतं, कुजलेलं भद्द आवाज देतं. कमानपाट्यांचे हँगर, बॉडीचे माउंट आणि चासीला टेकणाऱ्या जोडण्या इथे वेल्डिंगचे डाग शोधा. कोकणातल्या गाडीत ही ठिकाणं दोनदा बघा. संरक्षक पत्र्यावर ओरखडे असले तर काळजी नको, त्याचं कामच ते आहे. तुळई वाकलेली किंवा मुडपलेली असेल तर मात्र निरोप घ्या.

मग तेलं. पुढच्या-मागच्या डिफरन्शिअलचा भरणा-बोल्ट उघडू देतात का, विचारा. आतलं तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. गाडी ओढ्यात किती खोल गेली होती, हे यातून कळतं. एअर फिल्टरचा डबाही उघडा, कारण आत सुकलेल्या चिखलाची रेघ असेल तर पाणी इंजिनच्या दारापर्यंत आलं होतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, गाळ तिथेही लपतो.

जिप्सीत पुढच्या चाकांमागच्या गोल गाठींवर तेल ओघळलंय का ते बघा. पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवा. खडखडलं तर किंगपिनचं (चाक ज्या खुंटीवर वळतं तिचं) बेअरिंग गेलेलं असू शकतं. अशी गाडी वेगात एखाद्या खड्ड्यानंतर स्टिअरिंग थरथरवते, आणि तो अनुभव घाबरवणारा असतो. प्रोपेलर शाफ्टचे (ताकद चाकांकडे नेणाऱ्या लांब दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, हाताने फिरवून बघा, ढिले असतील तर गिअर टाकताना टक्क आवाज येतो.

चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले हवेत. तसे नसतील तर फोर बाय फोरमध्ये पुढच्या-मागच्या यंत्रणेवर ताण येतो. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मूळ मापापेक्षा मोठे टायर लावले असतील तर किलोमीटरचा आकडाही खरा नाही, तो कमीच दाखवत असतो.

चालवून बघणं

टू हायमध्ये (फक्त मागच्या चाकांवर) डांबरावर आधी अर्धा तास चालवा. धूर, ब्रेक, क्लच, गिअर उडतो का, हे नेहमीचं.

त्यानंतर मालकाला सांगा, जवळच्या मोकळ्या मातीत जाऊया. जिप्सीत पुढच्या हबवर हाताने फिरवायचं लॉक असेल तर उतरून ते लावा. फोर हाय (चारही चाकं, नेहमीचा वेग) टाकून हळू वळा. स्टिअरिंग जड झालं, गाडी किंचित अडखळली, म्हणजे पुढची चाकं जोडली गेली. हे डांबरावर करू नका, यंत्रणेला इजा होते. मग थांबून फोर लो (चारही चाकं, कमी वेग, जास्त जोर) टाका आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडून दोन्ही पाय बाजूला घ्या. गाडी मुंगीच्या चालीने एकसारखी पुढे जायला हवी. दांडा उडून परत आला किंवा बसलाच नाही, तर ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डब्याचा) खर्च समोर उभा आहे. “बरेच दिवस वापरलं नाही म्हणून अडकतं” हे उत्तर मला अनेकदा मिळालंय. मी ते स्वीकारत नाही.

सजवलेली गाडी

लिफ्ट किट (गाडी उंच करणारे भाग), रुंद टायर, पुढचा लोखंडी गार्ड, विंच (अडकलेली गाडी ओढणारं यंत्र) असलेली गाडी मन ओढते. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीचं मूळ रूप मनाप्रमाणे बदलता येत नाही, आणि पुढच्या गार्डवर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच बंदी आणली. अपघातानंतर विमा कंपनी यावरच बोट ठेवू शकते. माझं मत स्पष्ट आहे: मूळ अवस्थेतली, थोडी खरचटलेली गाडी घ्या. आधीच्याने काय जोडलं, कुठली वायर कापली, हे शोधण्यात वर्ष जातं.

कागद आणि पैसे

परिवहनच्या पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर नोंदणीची तारीख, विमा, फिटनेस बघा, राज्याच्या संकेतस्थळावर ई-चलान. चासीवर कोरलेला नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. जुन्या जिप्सीची पुनर्नोंदणी झालीय का आणि पर्यावरण कर भरलाय का, ते विचारा. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि कर्जाची नोंद काढण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका.

आधीच्याने नावावर न करताच सह्या केलेले फॉर्म पुढे ढकललेत, अशी गाडी टाळा. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर विकणारा म्हणून नोंदणीकृत मालकाचीच सही हवी. नाव बदलण्याचा अर्ज तीस दिवसांत आणि विम्याचा चौदा दिवसांत करा. ताबा घेतल्याची तारीख आणि वेळ कागदावर लिहून दोघांनी सही करा. पैसे बँकेतूनच द्या.

ठरवलेल्या रकमेतला पाचवा हिस्सा खरेदीआधीच बाजूला ठेवा. गाडी घरी आली की इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शिअलचं तेल एकदम बदला. पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा तीच चादर अंथरा आणि कमानपाट्यांचे यू-बोल्ट आवळून घ्या.